पन्नास मीटरवर पॉइंट टू-टूचा नेम का फुटतो?

शहापूरकर (सोमवार, रात्री ९.२०)

मंडळी, दोन महिने एकाच जागी अडकलोय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडं जुनी ॲनशुट्झ आहे, पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीची), मॅच रायफल. एका नेमबाजानं खेळ सोडला, त्याच्याकडून रीतसर लायसन्सवर चढवून घेतली. दुर्बीण नाही, मागं डायॉप्टर म्हणजे बारीक भोकाची साइट आणि पुढं रिंग. पट्टा लावून, आडवं पडून मारतो. २५ मीटरवर दहा गोळ्या पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकतात. हे मी चार-पाच रविवार सलग बघितलंय, नशिबाचा भाग नाही.

तीच रायफल, तोच मी, तीच काडतुसं. कागद ५० मीटरवर नेला की दहा गोळ्या तळहाताएवढ्या पसरतात. मोजलं, ९० मिमी. अंतर दुप्पट झालं तर पसाराही दुप्पट व्हावा, म्हणजे ४६ मिमीच्या आसपास. मग हा बाकीचा पसारा कुठून येतोय? वय ४४, चष्मा आहे, पण नंबर मागच्याच महिन्यात तपासलाय. जाणकारांनी सांगा.

तिसरं_गेट (सोमवार, रात्री ९.३१)

नळी गेलीय. जुनी घेतलीस म्हणालास तिथंच मला कळलं. एक किलो कुंद्याची पैज, आपल्या बेळगावच्या मिठाईची.

गडहिंग्लजकर (सोमवार, रात्री ९.४८)

तिसरं गेट, पैज घेतली. नळी खराब असती तर २५ वर नाण्याखाली गोळ्या झाकल्या नसत्या.

शहापूरकर, तीन गोष्टी सांगा. एक, गोळ्या आडव्या पसरतात की उभ्या? दोन, काडतुसं कुठली, सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेची का? तीन, किती वाजता मारता? ही तीन उत्तरं आल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाज आहे.

शहापूरकर (सोमवार, रात्री १०.०५)

आडव्या जास्त. कागद बघितला तर अंड्याचा आकार, आडवं ठेवलेलं अंडं. पण उभ्याही ४०-५० मिमी आहेतच.

काडतुसं मिळतील तशी घेतो. घरात आत्ता तीन तऱ्हेच्या पेट्या आहेत. लॉट कधी बघितला नाही, खरं सांगतो.

वेळ रविवारी अकराच्या पुढं. दुकान उघडायचं नसतं तोच एक दिवस, सकाळी देवळात जाऊन मग निघतो.

सुभेदार_काका (सोमवार, रात्री १०.४०)

शहापूरकर, मी मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य काढलं. भरती इथल्याच सेंटरवर झालो आणि निवृत्तीनंतर घरही इथंच कॅम्पाजवळ बांधलं. रिक्रूटांना नेम शिकवणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. रायफल वेगळी, पण माणसाचं अंग तेच.

आधी अंगाचं बघू. तू आडवा पडतोस, पट्टा आवळतोस, शिस्त घेतोस आणि रायफल मध्यावर *आणतोस*. चूक इथं असते. रायफल मध्यावर आणायची नाही, ती आपोआप मध्यावर राहिली पाहिजे. परीक्षा अशी कर. शिस्त घेतल्यावर डोळे मीट. दोन श्वास घे, सोड. सगळं अंग सैल टाक. आता डोळे उघड. रिंग जिथं दिसेल ती तुझ्या अंगाची खरी दिशा. ती मध्याच्या डावीकडं असेल तर हातानं ओढून उजवीकडं नेऊ नकोस, डावं कोपर खुंटीसारखं जागेवर ठेवून कंबर आणि पाय हलव. हातानं ओढलेली रायफल चाप सुटताना परत आपल्या जागी जाते, आणि गोळी तिच्याबरोबर जाते.

२५ वर ही चूक अर्धी दिसते म्हणून माणूस खूश राहतो.

दुसरं, श्वास. श्वास कोंडून धरायचा नाही. नेहमीसारखा सोडायचा, आणि सोडून झाल्यावर जी आपसूक विश्रांती असते तेवढ्यात बार काढायचा. सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर रायफल खाली. कोंडून बसलास की डोळ्यापुढं धुरकट होतं आणि छातीचे ठोके पट्ट्यातून नळीपर्यंत पोचतात. उभा पसारा बहुतेक वेळा इथून येतो.

तिसरं, बार निघाल्यावर डोकं उचलू नकोस. गोळी कुठं गेली हे बघायची घाई असते सगळ्यांना.

टिळकवाडी_९२ (सोमवार, रात्री ११.०२)

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. एनसीसीत असताना आमच्या हातात पहिल्यांदा पॉइंट टू-टू दिली तेव्हा हेच शब्द ऐकले होते. पावसाळ्यानंतरचे दिवस, मैदानावर गवत ओलं, ग्राउंडशीटवर पालथ्या पडलेल्या आम्ही बारा मुली. पाच-पाच गोळ्या मिळायच्या. आमच्या उस्तादांनी एकच सांगितलं होतं, मध्यभागी मारायचं नाही, पाची गोळ्या एकमेकींजवळ मारायच्या. कुठंही जाऊ देत, पण एकत्र जाऊ देत.

माझ्या पाची गोळ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात गेल्या. मी रडवेली झाले. उस्तादांनी कागद काढला, पाची भोकांवर अंगठा ठेवला, पाचीच्या पाची झाकली. म्हणाले, ही पोरगी शिकलीय, आता फक्त साइट फिरवायची. तो कागद आईनं बरीच वर्षं जपून ठेवला होता.

माळावरचा (मंगळवार, सकाळी ६.१५)

शहापूरकर, रेंजवर कशाला तडफडतोस? खानापूरकडं ये की. आमच्या माळावर पाचशे फूट मोकळं आहे, मागं टेकडी. सकाळी येऊन निवांत मार, दुपारी भाकरी-झुणका खाऊन जा.

सुभेदार_काका (मंगळवार, सकाळी ६.५०)

माळावरचा, मन मोठं आहे तुझं, पण हे करू नका. दोघांनाही कळकळीनं सांगतो. पॉइंट टू-टूची गोळी हाताच्या पेरापेक्षा लहान दिसते म्हणून माणसं तिला खेळणं समजतात. नळी थोडी वर उचलली गेली तर ती दीड किलोमीटरच्या पुढं जाते. दगडावर, पाण्यावर, कडक जमिनीवर टप्पा खाऊन कुठंही वळते. टेकडीमागं गुराखी आहे का, लाकडं गोळा करणारी बाई आहे का, ते तुला दिसत नाही. कायद्याचं तर वेगळंच. खेळासाठीचं लायसन्स म्हणजे रेंजवरच मारायचं. आणि भीमगडचं जंगल तिथून किती लांब? वनखात्याच्या माणसानं रायफल घेऊन फिरताना बघितलं तर शहापूरकरनं काय सांगायचं?

माळावरचा (मंगळवार, सकाळी ७.१०)

बरोबर आहे काका. माझ्या डोक्यात ठासणीची बंदूक होती. आमच्या आज्याकडं पिकाच्या राखणीला होती, डुकरं हाकलायला आवाजाचा बार काढायचा. तो काळ वेगळा. मागं घेतो.

पण माळावर राहून एक कळतं ते सांगतो. शहापूरकर अकराला मारतो म्हणतोय. आमच्याकडं सकाळी साडेसहा-सातपर्यंत गवताचं पातंही हलत नाही. ऊन चढलं, माळ तापला की नऊ-दहापासून वारा सुटतो आणि तो एका दिशेचा नसतो. उसाच्या शेंड्यांकडं बघा, या टोकाला डावीकडं वाकलेत आणि त्या टोकाला सरळ उभे. तुझ्या गोळीला त्या सगळ्यातून जायचं असतंय.

शहापूरकर (मंगळवार, सकाळी ९.००)

वारा मी धरलाच नव्हता. पन्नास मीटर म्हणजे काय, इथून समोरच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. एवढ्यात गोळीला वारा काय करणार, असंच वाटायचं.

चिकोडी_एक्स्प्रेस (मंगळवार, दुपारी १.२५)

मग सोपं आहे. हाय व्हेलॉसिटी काडतुसं घे. गोळी जितकी वेगानं जाईल तितका वाऱ्याला वेळ कमी. साधा हिशोब.

गडहिंग्लजकर (मंगळवार, रात्री ९.१५)

चिकोडी, ऐकायला साधा आहे, पण पॉइंट टू-टूच्या बाबतीत उलटा निघतो. थोडं लांबण लावतो, कारण शहापूरकरच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

मॅचची गोळी शिशाची, ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. नळीतून सुटते ती सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. म्हणजे मॅच गोळी मुद्दाम आवाजापेक्षा हळू ठेवलेली असते. ५० मीटर कापायला तिला ०.१६ सेकंद लागतात.

वारा गोळीला किती ढकलतो हे फक्त हवेतल्या वेळावर ठरत नाही. हवेनं गोळीला किती *मंद केलं* त्यावर ठरतं. हवाच नसती तर गोळी ज्या वेळात पोचली असती, त्यापेक्षा तिला किती जास्त वेळ लागला, तो फरक गुणिले वाऱ्याचा वेग. मॅच गोळीचा हा फरक ५० मीटरवर सेकंदाच्या हजारातल्या पाच-सहा भागांएवढा. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. गुणा. दीडेक सेंटिमीटर येतं.

हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगाच्या वर सुटते. त्या पट्ट्यात हवा तिला फार जोरात मागं ओढते, ती झपाट्यानं मंदावते. वेळ कमी लागतो, पण मंदावण्याचा फरक वाढतो. त्याच वाऱ्यात ती मॅच गोळीच्या जवळपास दीडपट वाहते. म्हणून ऑलिंपिकला कुणी ती घेऊन जात नाही.

आता शहापूरकर, तुमचा प्रश्न. हातातली चूक अंतराच्या पटीत वाढते, अंतर दुप्पट तर चूक दुप्पट. वाऱ्याचा फटका अंतराच्या *वर्गानं* वाढतो. ५० वर १५ मिमी ढकलणारा वारा २५ वर जेमतेम ४ मिमी ढकलतो. नाण्याखाली ते झाकून जातं. पन्नासच्या कागदावर एका गुणाच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत ८ मिमी, म्हणजे तीच झुळूक तुम्हाला दहावरून जवळजवळ आठवर नेते. आणि वारा एकदा डावीकडून, एकदा थांबलेला, एकदा उजवीकडून असेल तर तुमचं आडवं अंडं तयार.

उभ्याचंही तसंच. ५० मीटरपर्यंत गोळी साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट त्या हिशोबानं लावलेली असते, पण प्रत्येक गोळीचा वेग सारखा असेल तरच. एका काडतुसाचा वेग सेकंदाला १० मीटरनं कमी असला तर गोळी ५० वर आणखी ८ मिमी खाली लागते, एक पूर्ण वर्तुळ. २५ वर हाच फरक २ मिमी. तीन तऱ्हेच्या पेट्या मिसळून मारताय म्हणजे उभा पसारा तुम्ही विकत आणलाय.

पंचवीसवर रायफल खोटं बोलत नव्हती. ते अंतरच या दोन गोष्टी दाखवण्याएवढं मोठं नाही.

शहापूरकर (मंगळवार, रात्री ९.५०)

दोनदा वाचलं. मुलाला वहीत मांडून बघायला लावलं, त्यानंही वर्गाचं बरोबर काढलं. दोन महिने मी बटस्टॉकचे स्क्रू फिरवत बसलो होतो.

हुक्केरीचा_मास्तर (बुधवार, सकाळी ७.३०)

थोडं अवांतर, पण राहवत नाही. सुभेदार काकांनी "शिस्त घेतोस" असं लिहिलं ते किती जणांच्या लक्षात आलं? जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम, रोख. फारसी शब्द. शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा रोख लावणे. शाळेत आम्ही मुलांना जी शिस्त लावतो तो अर्थ नंतरचा. तसाच चाप. तसाच बार. आणि पुढच्या साइटला आमच्याकडचे जुने शिकारी माशी म्हणत. हे शब्द रेंजवर वापरत राहा, नाहीतर पुढच्या पिढीला फक्त फोरसाइट आणि ट्रिगर राहील.

कानडीत नेमाला गुरी म्हणतात, हेही आपल्या भागात सगळ्यांना माहीत असायला हरकत नाही.

निपाणीची_माई (बुधवार, दुपारी ३.१०)

मास्तर, आमच्या लेकीचे प्रशिक्षक धारवाडकडचे. ती सांगते, रेंजवर दिवसभर एकच वाक्य, "उसिरु हिडीबेड", श्वास कोंडू नको. सुभेदार काकांचंच सांगणं, फक्त कानडीतून.

ती १० मीटर एअर रायफल मारते. सगळ्यांना वाटतं ते लहान पोरांचं काम. दहाचं वर्तुळ तिथं अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पेनानं टेकवलेला ठिपका, आणि छर्रा साडेचार मिमीचा. छर्रा टू-टूच्या गोळीच्या अर्ध्या वेगानं जातो, नळीत जास्त वेळ राहतो, त्यामुळं चाप सुटल्यावर अंग जरा ढिलं पडलं तरी कागदावर दिसतं. शहापूरकर भाऊ, घरात जागा असेल तर एक एअर रायफल घ्या. २० जूलच्या आतलीला लायसन्स लागत नाही. वाराही नाही, काडतुसांचा खर्चही नाही. नुसतं अंग तपासायला उत्तम.

आमचं दुखणं वेगळं आहे. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर. लेकीच्या मैत्रिणी तिथल्या, मामाचं घर तिथलं. पण ती राहते कर्नाटकात, तर राज्य स्पर्धा कर्नाटकाची. एका स्पर्धेला अख्खी रात्र बसमध्ये काढून बेंगळुरूला पोचलो, तिथं उतरून तासाभरात तिला उभं राहायचं होतं. पाय सुजले होते पोरीचे. उभं राहून मारायचा खेळ आणि पाय सुजलेले. त्या दिवशी तिचे जे गुण गेले ते माझ्या अजून मनाला लागून आहेत.

टिळकवाडी_९२ (बुधवार, दुपारी ३.४०)

माई, पुढच्या वेळी एक दिवस आधी जा. बेंगळुरूत माझी बहीण आहे, तिच्याकडं उतरा. खरंच सांगते, निरोप टाका मला.

चिकोडी_एक्स्प्रेस (बुधवार, सायंकाळी ६.००)

१ ऑगस्ट २०२४ आठवतोय का? पॅरिस ऑलिंपिकमधलं स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ. आमच्या इथं चहाच्या टपरीवर मोबाईल उभा करून वीस माणसं बघत होती. कांबळवाडी, राधानगरी तालुका. कुणीतरी म्हणालं, आपल्या दूधगंगेकडचा पोरगा. लगेच दुसरा म्हणाला, आपला कसा, तो महाराष्ट्राचा, आपण कर्नाटकात. त्यावर टपरीवाल्या मामांनी दोघांचा चहा थांबवला, म्हणाले, आधी मॅच बघा.

गडहिंग्लजकर (बुधवार, रात्री ८.३०)

मी ती फायनल तीनदा बघितलीय. तो प्रकार शहापूरकरच्याच रायफलीचा, ५० मीटर, थ्री पोझिशन. गुडघ्यावर, आडवं, उभं. आपण सगळे आडवं पडून मारतो ती यातली सगळ्यात सोपी पोझिशन. उभ्याला पट्टाही नाही. रायफल आठ किलोपर्यंतची, कोपर कमरेच्या हाडावर टेकवून धरायची. स्वप्नील पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा होता, ६० पैकी ३८ गोळ्या आतल्या दहात. आतला दहा म्हणजे ५ मिमीचं वर्तुळ. फायनलला गुडघ्यानंतर तो पाच-सहा नंबरात होता, आणि उभ्याला माणसं एकेक गळत गेली तेव्हा हा टिकून राहिला. ४५१.४.

त्याआधी २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनची, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकाराची, जगज्जेती झाली, ६०० पैकी ५९७. तीही कोल्हापूरची. ५९७ म्हणजे काय हे शहापूरकरला आज कळेल. ६० गोळ्यांत तीनच गुण गेले, आणि तेही उघड्या रेंजवर, वाऱ्यात.

सुभेदार_काका (बुधवार, रात्री ९.०५)

तेजस्विनीचं नाव काढलंस, बरं वाटलं. माझ्या नातीच्या खोलीत तिचा वर्तमानपत्रातला फोटो आहे.

आणि माई, राज्याचं म्हणाल तर एक सांगतो. आपल्या देशात राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ ला उभी केली ती दादासाहेब मावळणकरांनी, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणं रत्नागिरीकडचं, मोठं काम गुजरातेत, आणि आज तुमची लेक कर्नाटकातून त्यांच्याच नावाची मावळणकर स्पर्धा खेळायला जाईल. पोरीला हे सांगा.

निपाणीची_माई (बुधवार, रात्री ९.२०)

सांगितलं काका. तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

तिसरं_गेट (बुधवार, रात्री १०.१०)

सगळं वाचलं, शिकायला मिळालं. तरी माझी पैज कायम. जुनी नळी, आतून शिसं धरलेली असणार. रविवारी नीट घासून काढ, मग बोलू.

गडहिंग्लजकर (बुधवार, रात्री १०.३५)

शहापूरकर, मारायच्या आदल्या रात्री नळी लख्ख घासू नका. टू-टूच्या गोळीवर मेणाचा लेप असतो. तो नळीत एकसारखा बसला की मगच गोळ्या एका जागी जायला लागतात. घासलेल्या नळीतून पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भटकतात. काडतुसांची कंपनी बदलली तरी तेच, आधीच्याचं मेण जाऊन नव्याचं बसेपर्यंत गोळ्या जातात. तीन पेट्या आलटून पालटून वापरणाऱ्या माणसाची नळी कधीच स्थिर होत नाही.

लॉटचं आता नीट सांगतो. या काडतुसात वेगळी टोपी नसते, स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेत सगळीकडं सारखा पसरला नाही तर वेग बदलतो. घरी भरून सुधारता येत नाही, कारखान्यातून जसं आलं तसं. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी रेंजवर जातात, नळी शिकंज्यात आवळून एकाच कंपनीचे, एकाच नावाचे वेगवेगळे लॉट मारून बघतात. एका लॉटला ती नळी मानते, दुसऱ्याला मानत नाही. कारण कुणालाच आधी सांगता येत नाही. मिळालेला लॉट मग वर्षभराचा भरून घेतात.

आपल्याला तेवढं शक्य नाही. पण पेटीवरचा आकडा बघून एका आकड्याच्या गोळ्या एकत्र ठेवणं शक्य आहे.

शहापूरकर (बुधवार, रात्री ११.००)

पेट्या काढून बघितल्या. तीन नाही, चार आकडे निघाले. दोन पेट्या एकाच नावाच्या, पण लॉट वेगळा.

या रविवारी असं करतो. पहाटे निघून साडेसहाला रेंजवर. आधी रायफल वाळूच्या पोत्यांवर ठेवून, म्हणजे माझं अंग बाजूला. एक लॉट, दहा गोळ्या नळी बसायला, मग दहा मोजायच्या. मग दुसरा लॉट, तसंच. त्यानंतर चांगला निघेल तो पट्ट्यावर, आडवा पडून. आणि शेवटी दहा वाजता तेच परत, वारा सुटल्यावर. काही चुकतंय का?

माळावरचा (गुरुवार, सकाळी ६.२०)

वारा बघायला लोकरीचे धागे ने. तीन काठ्या, एक तुझ्याजवळ दहा मीटरवर, एक मधी, एक कागदापाशी. रेंजवाल्याला विचारून लाव.

गडहिंग्लजकर (गुरुवार, सकाळी ८.००)

जवळच्या धाग्याकडं जास्त लक्ष द्या. सुरुवातीला ढकललेली गोळी उरलेलं सगळं अंतर तिरकी जाते. कागदापाशी ढकललेली तेवढ्यापुरतीच.

चिकोडी_एक्स्प्रेस (गुरुवार, सकाळी ९.३०)

एक विचारू? कोल्हापूरच्या रेंजवर जात नाही का कधी?

शहापूरकर (गुरुवार, दुपारी २.००)

लायसन्सवर क्षेत्र राज्यापुरतंच आहे. हद्द ओलांडायची तर ते वाढवून घ्यावं लागतं, अर्ज टाकलाय. मागं निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा होती तेव्हा तोही थांबला होता. पुन्हा पाठपुरावा करतोय.

शहापूरकर (रविवार, दुपारी १.४५)

आत्ताच घरी आलो, जेवणही झालेलं नाही. आधी आकडे लिहितो.

सकाळी ६.४०. धुकं नुकतंच उठलेलं, तिन्ही धागे सरळ लोंबत होते. पोत्यांवरून, पन्नास मीटर.
पहिला लॉट, दहा गोळ्या: ३४ मिमी, बहुतेक सगळं उभं.
दुसरा लॉट (तेच नाव, तीच कंपनी): १८ मिमी. मी पट्टी दोनदा लावली. रेंजवरच्या एका काकांना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं.

१८! याच रायफलीतून.

मग तोच लॉट, पट्टा लावून, आडवा पडून. सुभेदार काकांचं डोळे मिटायचं केलं. पहिल्याच वेळी डोळे उघडले तर रिंग शेजारच्या कागदाकडं बघत होती. म्हणजे दोन महिने मी रायफल हातानं ओढून आणत होतो. कंबर सरकवली, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, असं पाच वेळा. २९ मिमी.

दहा वाजता परत. जवळचा धागा डावीकडं फडफडत होता, कागदापाशीचा उजवीकडं. पहिल्या पाच गोळ्या काहीच न बघता मारल्या, आडवं ४५ मिमी. मग जवळचा धागा खाली पडेपर्यंत थांबून पाच मारल्या. एकेका गोळीला मिनीट-मिनीट गेलं, एकदा तर चाप अर्धा दाबून रायफल खाली ठेवली. ३१ मिमी.

सुभेदार_काका (रविवार, दुपारी २.०५)

चाप अर्धा दाबून खाली ठेवलीस हे वाचून सगळ्यात आनंद झाला. ते रिक्रूटला शिकवायला मला महिने लागायचे.

टिळकवाडी_९२ (रविवार, दुपारी २.१०)

तो १८ मिमीचा कागद फ्रेम करा भाऊ. खरंच करा.

गडहिंग्लजकर (रविवार, दुपारी २.३०)

१८ बद्दल अभिनंदन. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी, पण भोक रेषेला नुसतं शिवलं तरी दहा धरतात. गोळी ५.६ ची, म्हणजे तिचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असला की झालं. १६ मिमीचा पसारा म्हणजे दहाच्या दहा. तुमची नळी त्याच्यापासून दोन मिमीवर आहे.

त्या लॉटच्या किती पेट्या शिल्लक आहेत?

शहापूरकर (रविवार, दुपारी २.४०)

दीड. दुकानदाराला फोन केला, आकडा सांगितला. त्याच्याकडं त्या लॉटच्या सहा आहेत, बाजूला ठेवायला सांगितल्यात. लायसन्सवरच्या काडतुसांच्या कोट्यात बसतात.

तिसरं_गेट (रविवार, दुपारी ३.१५)

नळी चांगली आहे, मान्य. १८ मिमी म्हणजे माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही, आणि मला आनंद झालाय. गडहिंग्लजकर, कुंदा घेऊन मीच येतो. शनिवारी निघू का? शहापूरकर, तुझा दुसरा कागदही बरोबर दे, सगळे मिळून बघू.

गडहिंग्लजकर (रविवार, दुपारी ३.२०)

या की. पण अर्धा किलो निपाणीला माईंच्या लेकीसाठी उतरवा, वाट थोडी वाकडी झाली तरी चालेल.